हरकत नाही

शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या छोट्या नगरपालिकेचं प्रोसिडिंग बुक हा तसा कंटाळवाणा ऐवज. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. अमक्या आळीच्या तोंडाशी रॉकेलचा दिवा लावावा, गटार तुंबलंय, जकातनाक्यावरच्या कारकुनाला रजा हवीय, मोकाट गुरांना कोंडवाड्यात घालावं. मुंबई इलाख्यात या कारभाराला 1901 च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्याचा आधार होता. त्यात पालिकेची कामं दोन गटांत विभागली होती: करायलाच हवीत अशी आणि जमल्यास करावीत अशी. रस्त्यावर उजेड पाडणं हे करायलाच हव्या अशा कामांपैकी एक.

त्यामुळे दिव्याचा ठराव झाला की त्याला लगेच हातपाय फुटायचे. खांबाला किती, काचेला किती, तेलाला किती, हे ठरायचं. संध्याकाळी कुणी खांद्यावर शिडी घेऊन येणार आणि वात पेटवणार, याची तजवीज व्हायची. दिवा लागला नाही तर तक्रार यायची आणि ती कुणाच्या तरी नावावर पडायची. लहान गावच्या कारभाराची खरी अक्कल मला इथे दिसते. कागदावरची ओळ रस्त्यावर कशी उतरवायची, हे त्या लोकांना चांगलं ठाऊक होतं.

हे ध्यानात ठेवून 5 जानेवारी 1924 रोजी महाड नगरपालिकेनं केलेला ठराव पाहावा.

त्याआधी पाच महिने, 4 ऑगस्ट 1923 ला, सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारनं खात्यांना तशा सूचना दिल्या. महाडला चवदार तळं होतं. चार-पाच एकरांचा पाण्याचा विस्तार, सभोवार पालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरं. पालिकेचे अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस, पुढे बाबासाहेबांच्या चळवळीत उघडपणे उभे राहिलेले सुरबानाना. त्यांच्या अध्यक्षतेखाली ठराव झाला. त्याचा आशय इतकाच, की अस्पृश्यांनी हे तळं वापरायला पालिकेची हरकत नाही.

हा ठराव लहान होता असं मी म्हणणार नाही. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, त्या काळात, बहुमतानं निवडून येणाऱ्या माणसांनी हे लिहून ठेवायला छाती लागते. पण ‘हरकत नाही’ या दोन शब्दांशी मी अडखळतो. पाणी भरू द्यावं, भरण्याची सोय करावी, अडवणाऱ्याला आवरावं, यातलं त्यात काहीच नाही. या वाक्यात काम करणारा कुणी नाहीच. पालिका दारातून थोडी बाजूला सरकली, एवढंच. दिव्यासाठी शिडीवाला होता. तळ्याच्या ठरावाला ना शिपाई होता, ना पाटी, ना पायरीवर हजर असलेला एखादा सभासद. हरकत पालिकेची नव्हती. ती होती गावाची, आणि गावाशी तो विषय कुणी काढला नाही. तीन वर्षं ठराव बुकात राहिला. भीतीपोटी कुणी तळ्यावर आलं नाही आणि तळं आपलं होतं तसंच राहिलं.

‘ना हरकत’ हा आपल्या कचेऱ्यांचा लाडका शब्द. ना हरकत दाखला देणारा माणूस कशातच अडकत नाही. पुढे काही बरं झालं तर त्यात त्याची संमती असते, वाईट झालं तर त्यात त्याचा हात नसतो. आमच्या सोसायटीच्या एका सभेत, घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरावी का, असा विषय निघाला होता. विषय निघावा लागला हीच खरं तर लाजेची गोष्ट, पण निघाला. माझी पाळी आल्यावर मीही ‘माझी काही हरकत नाही’ म्हटलं आणि समोरच्या बशीतला वेफर उचलला. ठराव मंजूर झाला. बायका आजही जिन्यानंच चढतात. लिफ्टपाशी आमच्यातलं कुणी उभं दिसलं की त्या आधीच वळतात. दार धरून मी कधी ‘या’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

महाडकडे वळू. 19 आणि 20 मार्च 1927 ला तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष. माणसं हजारांच्या वर, दिवस उन्हाळ्याचे, आणि पाणी? परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घेतलं गेलं. ज्या गावच्या पालिकेची तीन वर्षांपासून हरकत नव्हती त्या गावात. त्या ठरावाची खरी किंमत ही, रुपयांत मोजलेली.

दुसऱ्या दिवशी परिषद आटोपत आली. आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधू लागतात, कुणी एसटीची वेळ विचारतो (तेव्हा एसटी नव्हती, पण आभाराची वेळ तीच). नेमक्या त्या वेळी अनंतराव चित्रे उठले आणि म्हणाले, की तळं खुलं केल्याचा पालिकेचा ठराव आहे, तर तो अमलात आणल्याखेरीज परिषदेनं उठू नये. चित्रे स्वतः सवर्ण. त्यांचं बोलणं मला साध्या कारभारी मनाचं वाटतं. ठराव झालाय ना? मग त्याला शिडीवाला नेमू या. शिडीवाला म्हणजे मंडपात बसलेली सगळी माणसं. ती रांगेनं निघाली, बाजारातून गेली, तळ्यापाशी पोचली. आधी बाबासाहेब ओंजळीनं पाणी प्याले, मागोमाग इतर.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. जेवत असलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग तळं ‘शुद्ध’ करायला शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या 108 घागरी मंत्र म्हणत त्यात ओतल्या. चार-पाच एकरांच्या तळ्यात एकशे आठ घागरी. हे गणित मांडायला कुणीतरी बसलंच असेल.

आणि 4 ऑगस्ट 1927 ला महाड नगरपालिकेनं आपला 1924 चा ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं पूर्ण होत होती. ठरावाचं पालन न करणाऱ्या पालिकांचं अनुदान रोखावं, असा बोले यांचा दुसरा ठरावही आदल्या वर्षी, ऑगस्टातच, कायदेमंडळात झाला होता. तरीही ठराव मागे घेणं सोपं गेलं, कारण त्यात गुंतलेलं काहीच नव्हतं. खर्च नाही, नेमणूक नाही, घडवून आणलेली एकही गोष्ट नाही. बसवलेला दिवा काढायचा तर निदान खांब उपटावा लागतो.

मला इथे जोतीरावांचा हौद आठवतो. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुणे नगरपालिकेचे सभासद ते त्यानंतर आठ वर्षांनी, 1876 मध्ये झाले. हौद त्यांच्या दारात होता. पाणी भरायला येणाऱ्यांसमोर ते स्वतः उभे होते आणि शेजाऱ्यांचे टोमणे त्यांनाच ऐकायचे होते. तिथे ‘हरकत नाही’ असं म्हणून आत जायची सोयच नव्हती.

डिसेंबर 1927 मध्ये दुसरा सत्याग्रह ठरला. तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी दावा लावला आणि न्यायालयानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. बाबासाहेबांनी तो पाळला. तळ्याकडे जाणं थांबलं, मनुस्मृती जाळली गेली. दावा महाडहून ठाण्याला आणि तिथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलीय, असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं होतं. ते सिद्ध झालं नाही. तळं पालिकेकडे निहित असलेलं ठरलं, तेही दिवे आणि गटारं ज्यातून चालत त्याच 1901 च्या कायद्याखाली. निकाल लागला 17 मार्च 1937 ला. तळ्याचं पाणी प्यायल्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते.

आमच्या सोसायटीचा लिफ्टचा ठराव मात्र अजून कायम आहे. तो रद्द करण्याची कुणाला गरजच पडलेली नाही.