लेकीला घरी सांगता आलं पाहिजे

एप्रिल 2025 मध्ये, आखाजी तोंडावर आलेली असताना, चोपड्यात एका हळदीच्या कार्यक्रमात तरुण विवाहितेचा गोळी लागून मृत्यू झाला. गोळी झाडल्याचा आरोप तिच्या वडिलांवर आहे, आणि राग होता तिने स्वतःच्या पसंतीने केलेल्या लग्नाचा. आखाजी हा खानदेशातल्या लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. अशा मुलखात हे घडावं, याची आपल्या सगळ्यांना लाज वाटली पाहिजे.

बंदूक एखादाच उचलतो. पण ‘ती आम्हाला मेली’ म्हणत जिवंत मुलीच्या नावाने अंघोळ करणारे आपल्या ओळखीतही निघतात, आणि चारचौघांत त्यांची पाठच थोपटली जाते.

पोरीला कुणीतरी फूस लावली, हे आपलं ठरलेलं निदान. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं की, एखादी गोष्ट वारंवार समोर आली, तर नुसत्या ओळखीनेही ती आवडू लागते. रोजची एकच एसटी, एकच वर्ग, एकच वाचनालय. मुलींना शिकायला जळगाव-धुळ्याला आपणच पाठवलं आणि ते योग्यच केलं. मग तिथे कुणाबद्दल ओढ वाटली तर तो संस्कारांचा पराभव कसा?

ओढ म्हणजेच प्रेम, असं मात्र मी म्हणत नाही. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी 1986 मध्ये प्रेमाचे तीन घटक मांडले: ओढ, जवळीक आणि बांधिलकी. ओढ लवकर पेटते. बाकीच्या दोन्हींना वेळ लागतो. आपला धाक नेमका हा वेळच हिरावून घेतो. घरात बोलायची सोय नसलेली मुलगी चोरून भेटते. तो चिडल्यावर कसा वागतो, पैसा कसा हाताळतो, आईशी-बहिणीशी कसा बोलतो, हे तिला दिसतच नाही. तेवढ्यात घरी स्थळ येतं आणि दोघं घाबरून पळून जातात. ज्या उतावळेपणाला आपण नावं ठेवतो, तो पुष्कळदा आपल्याच भीतीतून जन्मलेला असतो. ठरवून केलेल्या लग्नांतही वेगळं काय होतं? कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात जात, शेती आणि नोकरी कळते, माणूस कळत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान पुढे होतं. माहेर तुटलेल्या मुलीला नवऱ्याने मारलं तर ती कुठे जाणार? तिच्यामागे कुणी नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. लेकीशी नातं तोडणारा बाप तिला धडा शिकवत नाही, मारणाऱ्या हाताला मोकळीक देतो.

दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला कुटुंबाची किंवा समाजाची संमती आवश्यक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 रोजी स्पष्ट सांगितलं आहे. अशा जोडप्यांच्या तक्रारींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उभारण्याचे निर्देशही त्याच निकालात आहेत.

बापांनो, मुलगा पसंत नसेल तर तसं सांगा, वाद घाला, त्याला घरी बोलावून चार प्रश्न विचारा. लग्नाला गेला नाहीत तरी चालेल. पण लेकीचा फोन आला तर उचला.