विक्रेत्याचें मौन

विकत घेणाऱ्यानें जें विचारलें नाहीं, तें विकणाऱ्यानें आपण होऊन सांगितलें पाहिजे काय? हा प्रश्न मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला आहे, आणि शिकवितांना तो मला नेहमीं सोपा वाटत आला. गेल्या वर्षीं तो माझ्याच दाराशीं उभ्या असलेल्या मोटारींतून बाहेर पडला, तेव्हां मात्र त्याचा सोपेपणा पार नाहींसा झाला.

मोटार डिझेलची, चौदा वर्षांची. पंधरा वर्षांची नोंदणी संपण्यापूर्वीं ती विकून टाकावी असें घरांत ठरलें होतें, आणि साताऱ्याकडील एका तरुण गृहस्थांशीं सौदाहि जमला होता. त्यांच्या वृद्ध वडिलांस दर पंधरवड्यास औषधोपचारासाठीं पुण्यास आणावें लागे, एस्. टी. चा प्रवास त्यांना सोसवेनासा झाला होता. गृहस्थांनीं गाडी चालवून पाहिली, टायर पाहिले, कागद पाहिले आणि विसार दिला. दुसऱ्याच दिवशीं इंजिनाच्या पुढील अंगाकडून किरकिर ऐकूं येऊं लागली.

आमच्या मिस्त्रींनीं बॉनेट उघडून दोन मिनिटांत निदान केलें. क्रँकशाफ्टच्या टोकाला जी पुली असते ती दिसावयास एकसंध लोखंडाची. वस्तुतः आंत तुंबा, बाहेर कडें, आणि दोहोंच्या मध्यें रबराचा थर, अशी तिची घडण असते. डिझेल इंजिनांत दाब मोठा. प्रत्येक स्फोटासरशीं शाफ्टला पीळ बसतो आणि सुटतो. चार सिलिंडरांच्या इंजिनांत शाफ्टच्या एका फेऱ्यास असे दोन हिसके! ती थरथर आपल्या अंगांत जिरविणें हें त्या रबराचें काम. वर्षानुवर्षें उष्णता आणि तेल लागून रबर कडक होतें, त्यास चिरा पडतात, आणि एके दिवशीं कडें तुंब्यावरून सरकूं लागतें. मिस्त्रींनीं तुंब्यापासून कड्यापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली व मला गाडी जरा फिरवून आणावयास सांगितली. परत येऊन पाहतों तों रेघेचे दोन तुकडे झालेले. बाहेरचा तुकडा आंतल्यापासून चांगला दोन बोटें दूर.

कडें निखळलें तर पट्टा जातो. बॅटरीचा तांबडा दिवा लागतो, स्टिअरिंग एकाएकीं जड होतें. आणि पट्ट्याच्या चिंध्या आंतील टायमिंगच्या पट्ट्यांत अडकल्या तर व्हाल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून सबंध इंजिन निकामी होऊं शकतें. खंबाटकीच्या घाटांत, वळणावर, मागें आजारी माणूस बसलेला असतांना हें घडणें म्हणजे काय, तें सांगावयास नको.

"सर, पट्ट्यावर फवारा मारून देतों," मिस्त्री म्हणाले. "आवाज बंद होईल. गाडी जाईपर्यंत पुरे." ते दुष्ट नव्हते; माझेंच हित पाहत होते.

कायद्याला विचारावें, तर 1872 च्या करारविषयक कायद्याच्या सतराव्या कलमाखालीं एक उदाहरण आहे. एका मनुष्यानें सदोष घोडा लिलावांत विकला. दोष त्यास ठाऊक होता, पण तो कांहींच बोलला नाहीं. ही फसवणूक नव्हे, असें कायदा म्हणतो. त्याच्या पुढचेंच उदाहरण अधिक विलक्षण आहे. घोडा घेणारी नुकतीच वयांत आलेली आपली मुलगी असेल तर मात्र दोष सांगणें हें बापाचें कर्तव्य! म्हणजे सांगण्याजोगें काय असतें हें कायद्यास पुरतें ठाऊक आहे. तें कोणास सांगावयाचें एवढ्यापुरताच तो हात आखडतो. आमचे स्मृतिकार या बाबतींत थोडे सैल होते. मनूनें क्रयविक्रयानुशय हें व्यवहाराचें स्वतंत्र पद मानून, पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आंत वस्तु परत देण्याघेण्याची मुभा ठेविली. परंतु रबर तुटावयास दहा दिवसच लागतील असें थोडेंच आहे?

सिसेरोनें इ. स. पूर्व 44 मध्यें लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत हाच वाद घातला आहे. घराच्या खोल्यांतून साप निघतात, लांकूड कुजलें आहे, आणि हें मालकावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें तें सांगावें काय? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, न सांगणें निराळें आणि लपविणें निराळें. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व कांहीं सांगितलें पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. माझें मन मात्र ती सारी रात्र गुरूच्या बाजूनें वकिली करीत होतें. चौदा वर्षांची गाडी घेणारा कांहीं तरी मोडणार हें जाणूनच घेतो, किंमतहि त्याच हिशेबानें ठरते, असा माझा युक्तिवाद. तो खोटा नाहीं. परंतु कांहीं तरी मोडणार हें त्यांना ठाऊक होतें, आणि काय मोडणार हें मला. शिवाय त्या फवाऱ्यानें डायोजिनीसचा आधारहि काढून घेतला असता. फवारा मारला कीं तें मौन राहत नाहीं.

सकाळीं मीं फोन केला. "पुलीचें थोडें काम निघेल बरें का," असें म्हणालों. "चालेल, सर. जुनी गाडी म्हटल्यावर काम निघायचेंच," असें उत्तर आलें. मला हलकें वाटलें, आणि मीं चहा मागितला. पत्नीनें चहा पुढें ठेवीत विचारलें, "अहो, पण त्यांना कळलें का?"

"मीं सांगितलें कीं."

"तें ऐकलें मीं. त्यांना कळलें का?"

हा तिसरा प्रकार ना गुरूच्या ध्यानांत आला होता, ना शिष्याच्या. गप्प राहणारास आपण गप्प राहिलों हें निदान स्वतःशीं ठाऊक असतें. मोघम बोलणारा सत्याचें श्रेय पदरांत पाडून घेतो, आणि वर ऐकणाराची संमतिहि मिळवितो. मीं उच्चारलेला एकहि शब्द खोटा नव्हता. "थोडें" हा शब्द तेवढा मीं फार विचारपूर्वक निवडला होता.

पुढच्या रविवारीं मीं त्या गृहस्थांना मिस्त्रींकडे बोलावून घेतलें. मिस्त्रींनीं नवी रेघ ओढली, आणि या वेळीं गाडी त्यांनींच फिरवून आणली. दुभंगलेल्या रेघेकडे ते बराच वेळ वांकून पाहत राहिले. किंमत, दुरुस्ती, विसार यांपैकीं कशाचीहि गोष्ट त्यांनीं काढली नाहीं.

"सर, अशा गाडींत तुम्ही आपल्या घरच्यांना बसवून घाटांतून न्याल का?" त्यांनीं विचारलें.

नेणार नाहीं, असें मीं सांगितलें.