औषधाची गोळी आणि भूतदया

दिंडीत चालणाऱ्या कित्येक वृद्धांच्या पडशीत आज रक्तदाबाची गोळी असते. ती विद्या आली कोठून, हे कळले म्हणजे मात्र जिवाला चटका बसतो.

इंग्लंडात टेडिंग्टन गावी स्टीफन हेल्स नावाचा पाद्री होता. त्याने एक घोडी उताणी बांधली, मांडीची धमनी उघडली आणि तीत उंच काचेची नळी बसविली. रक्त हृदयाच्या पातळीवर ८ फूट ३ इंच चढले! घोडीचा प्राण गेला. हा वृत्तान्त १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. पुढे कुत्र्यांवरील प्रयोगांतून कळले, की मानेतील धमनीत दाब ओळखणारा पहारेकरी बसलेला आहे. आपण दंडवत घालून उठतो तेव्हा दाब उतरतो. पहारेकरी मेंदूस वर्दी देतो, हृदय जलद चालते, म्हणून आपणांस भोवळ येत नाही. या शोधमालेतील कार्याबद्दल बेल्जममधील हेमान्स यांस १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता शंका अशी. मनूने पाचव्या अध्यायात मारणाराच नव्हे, तर अनुमती देणारा, विकत घेणारा, शिजविणारा, खाणारा, सगळेच घातक म्हटले आहेत. मग गोळी गिळणारा कोणत्या पंगतीत?

कोणी म्हणेल, ‘घोडी मेली ती मेली, माझा काय संबंध?’ हे खरे, की गोळी फेकून ती घोडी उठणार नाही. देह भजनाचे साधन आहे, तो राखावा. पण नवी औषधे आजही बहुधा आधी प्राण्यांवरच पारखतात. आपण गप्प राहून ती घेतो, म्हणजे अनुमती देणाऱ्याच्या जागी बसतोच. तेथून सुटका नाही. मात्र अनुमतीला अट घालता येते.

ती अट रसेल व बर्च या दोघा शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडली: प्राण्यावाचून भागत असेल तर प्राणी घेऊ नये, घ्यावाच लागला तर कमीत कमी घ्यावा, आणि त्यास पीडा होऊ देऊ नये. आपल्या देशाचा १९६० चा कायदाही टाळता येईल तेथे प्रयोग टाळा, शस्त्रक्रिया करणे तर भूल द्या, असेच सांगतो. तो पाळला जातो की नाही, हे विचारणे आपले काम. ज्याने फळ खाल्ले, त्याने झाडाची चौकशी करू नये काय?

मुक्या जिवांचे हे ऋण फिटणारे नाही. निदान विसरू तरी नये. गोळी तळहातावर घेतली, की क्षणभर त्यांचे स्मरण करावे, मग पांडुरंगाचे नाम घेऊन ती गिळावी.