राखणं आणि अंग चोरणं

कामचुकार माणसासाठी मराठीत एक शब्द आहे: अंगचोर. तसा विचित्रच शब्द. चोरी कसली, तर स्वतःच्याच अंगाची! ती चोरी ठरते, कारण ते अंग दुसऱ्या कुणीतरी आपल्या हिशेबात आधीच धरलेलं असतं. म्हणून हा शब्द मुकादमाच्या तोंडी जास्त शोभतो, घमेली उचलणाऱ्याच्या नाही. दिवसभर घमेली वाहायची असतील तर पहिल्याच तासात जीव तोडून भागत नाही, हे वाहणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तो दम राखून काम करतो. लांबून बघणाऱ्याला मात्र तो अंग चोरतोय असं वाटतं.

लांब पल्ल्याचं धावणं शिकणाऱ्यापुढे हाच पेच रोज उभा राहतो. मॅरेथॉनच्या तयारीत पहिला सल्ला मिळतो तो हळू धावण्याचा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल, इतकंच पळायचं. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण ८० टक्के सत्रं अशा सोप्या वेगाची निघाली. सोप्या वेगात तासन्‌तास घालवता येतात, त्यातून हृदय आणि स्नायू लांबच्या कामाला सरावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावण्याइतकं शरीर शाबूत राहतं.

हे सगळं माहीत असूनही हळू धावताना अपराधी वाटतं. कुणी बाजूने सपकन पुढे गेलं की आपलेही पाय आपोआप उचलले जातात. किलोमीटरला आठ मिनिटं, असा आकडा स्ट्राव्हावर टाकायला लाज वाटते. मुकादम आता आपल्या मनगटावर बसलाय, आणि त्याला तिथे आपणच बसवलंय. मेहनत म्हणजे त्रास, आणि तो दिसला पाहिजे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रात्रभर जागून अभ्यास करणारा मुलगा कष्टाळू. वेळेवर झोपणारा, नशीबवान.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ‘शरीराचं ऐकावं’ हे वाक्य आळसाच्याही फार सोयीचं आहे. दोघे जण एकाच वेगाने, एकाच रस्त्यावर धावत असतील, घड्याळात दोघांची नोंद सारखीच असेल, आणि तरी त्यातला एक राखत असेल, दुसरा चोरत असेल. मग फरक ओळखायचा कसा?

मला वाटतं, राखण्यामागे एक वायदा असतो. राखलेलं कधीतरी, कुठेतरी पूर्ण खर्चायचं असतं. ८ ऑक्टोबर २०२३ला शिकागोत केनियाच्या केल्विन किप्टमने मॅरेथॉन २:००:३५ अशा विश्वविक्रमी वेळेत संपवली. पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत, दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत. पहिल्या अर्ध्यातलं ते राखणं होतं, हे दुसऱ्या अर्ध्याने सिद्ध केलं. अंग चोरणाऱ्याकडे असा दुसरा अर्धा भाग नसतो.

या कसोटीवर एक गंमतशीर गोष्ट दिसते. रोज धापा टाकत धावणारा सगळ्यांना मेहनती वाटतो. पण सोप्या दिवशीही दमल्यामुळे तो कठीण दिवशी अर्ध्याच ताकदीने धावतो. चढावर किंवा ट्रॅकवर खरोखर पिळून निघायची वेळ येते, तेव्हा त्याच्याकडे ‘कालच खूप पळालो’ हे सबळ कारण तयार असतं. घाम भरपूर गाळून त्याने अवघड तेवढंच टाळलेलं असतं. अंगचोर असलाच, तर तो आहे.

म्हणजे मेहनतीचा हिशेब बाहेरून मांडता येत नाही. घड्याळ वेग मोजतं, फार तर नाडी मोजतं. हे कशासाठी राखलंय आणि ते खर्चायची आपली खरंच तयारी आहे का, हा प्रश्न ज्याचा त्यालाच विचारावा लागतो. त्याचं उत्तर खोटं दिलं तर पकडणारं कुणी नसतं. म्हणूनच हा प्रश्न तंत्राचा कमी आणि सचोटीचा जास्त आहे.

आणि हे एकदा स्वतःच्या पायांनी कळलं, की दुसऱ्याला अंगचोर म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. आपण हौसेने राखतो. पोटासाठी राखणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला अजून किती घमेली वाहायची आहेत, हे आपल्याला कुठे माहीत असतं?