आपल्यातला म्हणजे कोण?

अंक लावायला बसलं की एक प्रश्न हटकून येतो, आणि तो कवितेबद्दलचा नसतो. पाकीट फोडतो, कविता वाचतो, आणि कोणतरी विचारतं, “पोरगा आपल्यातला हाय न्हवं?” कविता कशी आहे हे त्याच्यानंतर. मीही विचारलंय. बिंदू चौकात, फुले-आंबेडकरांच्या पुतळ्यांसमोर चहा पीत विचारलंय. लाज वाटायला पाहिजे होती, वाटली नाही.

मित्रहो, आज मी ज्यू लोकांवर लिहिणार आहे. दचकू नका. हे लोक लांबचे नाहीत. आपल्या कोकणातले, अलिबाग-पेणकडचे तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. आडनावं गावावरून, पेणकर, किहीमकर अशी, आणि बोली मराठी. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा त्यांनी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली. १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तनं सुरू केली. कथा त्यांच्या धर्मग्रंथातल्या, चाली आपल्या मातीतल्या. १९१७ ला ‘इस्राएलाइट’ नावाचं इंग्रजी-मराठी मासिक काढलं, ते दहाएक वर्षं चाललं. समाज मूठभर, पण छापील पानाचा नाद सोडला नाही.

आपलं ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० चं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. ‘मूकनायक’ची जाहिरात रोख पैसे मोजूनही ‘केसरी’नं घेतली नव्हती. ज्याला दुसऱ्याच्या पानावर पाय ठेवू देत नाहीत तो आपलं पान काढतो. इथवर त्यांचं आणि आपलं एकच आहे.

पुढचं वाचताना मात्र मला घाम फुटला. बगदादकडचे ज्यू व्यापारी मुंबईत आले आणि १८३६ साली त्यांनी सरकारकडं मागणी केली की कबरस्तानात मधे भिंत घाला, ह्या बेने इस्राएलांशेजारी आमची मढी नकोत. इस्रायल देश झाल्यावर हे लोक तिकडं गेले, तर १९६२ साली तिथल्या धर्मगुरूंनी फर्मान काढलं, ह्यांची लग्नं लावताना आधी पिढ्या तपासा. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला धरणं धरलं, १९६४ ला धर्मगुरूंना माघार घ्यावी लागली. वाचून आपलं रक्त उसळतं. पण ह्याच बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असे दोन भाग होते. कातडीपेक्षा वंशाचा प्रश्न. ज्यांच्या घरात पूर्वी कधी बाहेरची बाई आली असं मानलं गेलं ते काळे. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला जिना नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. जिना काढून टाकायची ही विद्या ह्या भूमीवर कुणालाही लवकर येते, अगदी परक्या धर्माच्या माणसालाही.

ह्याच समाजातला एक माणूस निस्सीम इझिकेल, १९२४ चा जन्म, इंग्रजीत कविता लिहायचा. १९६६-६७ मध्ये त्यानं ‘पोएट्री इंडिया’ चालवलं. ते ज्यूंचं नियतकालिक नव्हतं. देशी भाषांतल्या कवितांचे अनुवाद त्यात यायचे. न्यू मरीन लाइन्सला थिऑसॉफी हॉलमध्ये पेन संस्थेचं ऑफिस होतं, तिथं बसून तो नवशिक्या पोरांच्या कविता वाचायचा आणि चुका दाखवायचा. हे मला आवडतं. पण तिथवर पोचायला इंग्रजी लागायचं. गिरणीतल्या नाहीतर झोपडपट्टीतल्या पोराला तो जिना कुठून मिळणार? त्याच्यासाठी आपलीच अनियतकालिकं पाहिजे होती, आणि ती आपण काढली, हे छातीवर हात ठेवून सांगतो.

उलट तिकडं इस्रायलात गेलेल्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवलं. पोरंबाळं हिब्रू बोलणार, वाचणारी माणसं म्हातारी होत जाणार. तिथला संपादक कच्ची कविता परत कशी करणार? एक कविता परत केली की मराठी लिहिणारा एक हात गेला. तिथं नियम सैल असला तर मी समजू शकतो. आपल्याला ती सोय नाही. आपण आपलाच म्हणून कच्चा माल छापतो, आणि प्रस्थापित समीक्षक तोच उचलून दाखवतो, बघा ह्यांचं साहित्य. तरी हा अपराध लहान. मोठा दुसरा आहे, आणि तो माझा आहे.

हातकणंगल्याकडच्या एका मातंग पोरानं कविता पाठवली होती. विषय हलगी. पावसानं चामडं सैल पडलंय, बाप जाळावर धरून ते तापवतोय, बोटं भाजतायत, आणि वरात दुसऱ्याचीच. बैठकीत एक कार्यकर्ता म्हणाला, “आपण वाजवायचं सोडलं, ह्यो अजून तेच उगाळतोय. चळवळीला शोभत न्हाई.” मी मान हलवली. म्हणालो, भूमिका पक्की नाही. खरं तर त्या कवितेएवढी पक्की भूमिका त्या अंकात दुसऱ्या कशाचीच नव्हती. ती महारवाड्यातल्या पोराची असती तर मी पहिल्या पानावर लावली असती. बैठकीत कुणी जात काढली नाही. काढायची गरजच पडली नाही, भूमिका हा शब्द होता ना हाताशी.

पोराचं कार्ड आलं, कवितेचं काय झालं? मी उत्तर दिलं नाही. वर्ष गेलं. बेने इस्राएलांच्या काळ्या-गोऱ्यांचं वाचलं त्या रात्री फाइल काढली, कविता पुन्हा वाचली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला लिहिलं की ह्या अंकात घेतोय, उशिराबद्दल माफ कर, चूक माझी. स्टेन्सिलही कापून ठेवली.

उलट टपाली कार्ड आलं. वर ‘जयभीम दादा’, खाली दोनच ओळी. कविता छापू नका, कागद परत पाठवा.

कागद पाठवला. हे पान त्या कवितेसाठी ठेवलेलं होतं.