एक मीटर सत्तर

शस्त्र स्वतः पापी नसते, पाप ते धरणाऱ्या हाताचे असते, असे आपण सहज म्हणून जातो. हे विधान कितपत खरे, याची परीक्षा पाहावयाची तर जुन्या रायफलींच्या दुर्बिणींत डोळ्यासमोर दिसणाऱ्या रेषा फार उपयोगी पडतील, असे आम्हांस वाटते. इंग्रजीत त्यांना रेटिकल म्हणतात.

या रेषांचा जन्म निष्पाप आहे. १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज ज्योतिर्विदाला आपल्या दुर्बिणीत कोळ्याचा एक तंतू दिसला. तंतू आणि दूरचे आकाश दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात, हे त्याने ओळखले आणि ग्रहताऱ्यांची मापे घेण्यासाठी त्याचा उपयोग केला. पुढे तशीच फुली भूमापकाच्या यंत्रात गेली आणि बंदुकीवरही चढली. नुसत्या फुलीकडे पाहून ती तारा टिपणार की हरिण, हे कोणी सांगू शकणार नाही. जर्मन शिकाऱ्यांच्या दुर्बिणींत फुलीऐवजी तीन जाड खुंट्या असत. तिन्हीसांजेच्या उजेडात बारीक तार दिसत नाही, एवढेच त्याचे कारण. येथपर्यंत उपकरण निर्दोष मानावयास आमची हरकत नाही.

परंतु १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रेडफील्ड कंपनीने दोन समांतर आडव्या रेषांची दुर्बीण काढली. हरणाची पाठ आणि छाती या रेषांमध्ये नेमकी बसवावयाची, की अंतर कळते. त्यासाठी हरणाच्या धडाची उंची १८ इंच धरलेली होती. १९६३ साली सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेल्या ड्रॅगुनॉव्ह रायफलीच्या दुर्बिणीत तर डावीकडे खाली एक आडवी रेषा व तिच्यावर एक वक्ररेषा आहे. समोरच्या माणसाचे पाय रेषेवर टेकवावे. डोके वक्ररेषेला जेथे लागेल, तेथे २ ते १० या आकड्यांवरून २०० ते १००० मीटरपर्यंतचे अंतर वाचावे. खाली लिहिले आहे : १.७. माणसाची उंची एक मीटर सत्तर सेंटिमीटर.

ही वक्ररेषा ताऱ्यासाठी नाही. कोणावर रोखावयाचे, हे तिच्या आकारातच लिहिलेले आहे. ती आखणाऱ्याला 'मी केवळ रेषा काढली' असे म्हणता येणार नाही.

म्हणून तो अपराधी ठरतो काय? अचूक अंतर कळले तर हरिण जखमी होऊन रानात तडफडत नाही. ड्रॅगुनॉव्ह आपल्या सैन्यानेही वापरली आहे आणि सीमेवरील जवानाच्या भरवशावर आपण निर्धास्त झोपतो. त्या झोपेत राहून रेषेला शिव्या देणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. अपराध आणि वाटा या दोन गोष्टी मात्र भिन्न आहेत. आखणाऱ्याचा वाटा आहे, आणि त्या रक्षणाचा लाभ घेणाऱ्या आपलाही आहे.

घरापासून दूर, परप्रांतात खुर्ची सांभाळणाऱ्या आपणां मंडळींना हा प्रश्न परका नाही. वयाची अट, उत्पन्नाची मर्यादा, अर्जाची मुदत या आपल्या वक्ररेषाच होत. ज्याला आपण कधी पाहिले नाही, त्याची उंची त्यांत आधीच ठरलेली असते. रेषांवाचून राज्यकारभार चालत नाही, हे खरे; परंतु अर्ज फेटाळताना 'नियमाने फेटाळला' असे म्हणून हात धुता येत नाहीत. त्या दुर्बिणीत निदान १.७ हा आकडा उघड लिहिलेला आहे. आपल्या शेऱ्यांतही आपण कोणते माप धरले ते अर्जदाराला वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे, आणि खाली आपली सही असावी.