फोनचं वय कोण ठरवतं?

पंधरा-वीस हजारांचा फोन एके दिवशी अचानक बंद पडत नाही. तो हळूहळू निकामी होत जातो, म्हणून तक्रार नेमकी कशाची करायची तेच सुचत नाही. दोन वर्षं होतात न होतात तोच दुपारी चार्जिंग संपू लागतं. फोटो पुसले तरी जागा होत नाही, कारण कंपनीने आधीच भरलेली काही ॲप काढताच येत नाहीत. माझ्या फोनच्या पडद्यावर एका अपडेटनंतर उभी हिरवी रेघ उमटली. पडदा बदलायचा जो खर्च सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर नवा फोन आला असता.

काही महागड्या फोनना आता सात वर्षं अपडेट मिळतात. मधल्या किमतीच्या कितीतरी फोनना मात्र दोन-तीन वर्षांतच वाऱ्यावर सोडलं जातं. म्हणजे अडचण तंत्राची नाही. फोन किती जगणार हे कंपनी किमतीवरून ठरवते, आणि ते मला फार अन्यायाचं वाटतं.

कारण याच फोनवर आता पुण्यातलं रोजचं जगणं चालतं. मेट्रोचं तिकीट, पीएमपीची बस, भाजीवाल्याचे पैसे, बँकेचा ओटीपी, सगळं त्यातच. ॲपवर भाडी घेणाऱ्या रिक्षावाल्याचा फोन एप्रिलच्या उन्हात तापतो, पडदा अंधूक होतो आणि भाडं हातचं जातं. जुन्या अँड्रॉइडवर बँकेचं ॲप चालेनासं झालं, की धडधाकट फोनसुद्धा बदलावा लागतो. हप्ते कधीकधी तोवर फिटलेलेही नसतात.

दुरुस्तीचं वावडं या शहराला कधीच नव्हतं. आकुर्डीत तयार झालेली बजाज चेतक बापाकडून मुलाकडे आली, कारण तिचे सुटे भाग मिळत होते आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक ती उघडू शकत होता. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत आजही हात तितकेच तयार आहेत. चिकटवलेली पाठ गरम करून उघडायची, बॅटरी बदलायची, बोर्डावरचा बारीक सांधा जोडायचा, हे तिथे रोजचं काम. त्यांचं अडतं ते अस्सल सुट्या भागांपाशी.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच लागू केले: ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावर महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, आणि २०२४ मध्ये मोबाइलच्या दुरुस्ती-निर्देशांकासाठी, म्हणजे फोन किती सहज दुरुस्त होतो याचे गुण ठरवण्यासाठी, समिती नेमली. त्या निर्देशांकात तापकीर गल्लीतल्या कारागिराला सुटे भाग आणि सर्किटचे आराखडे मिळतात का, यालाही गुण हवेत. आणि अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार, ते खोक्यावर किमतीशेजारीच छापलेलं हवं.